प्रभाकर कंदील आणि बिलावरची एक ओळ: ओगलेवाडीच्या कारखान्याची केस स्टडी



डिझायनर दिव्यांचा विषय निघाला की आपल्याकडे सगळे इटलीकडे बघतात. फ्लॉस, आर्टेमिडे ही नावं पुण्या-मुंबईच्या शोरूमवाल्यांना पाठ असतात. वडूजमध्ये माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, त्यामुळे असले कॅटलॉग मीही चाळतो. इटलीची गोष्ट पुढे येणारच आहे. पण दिव्याचा धंदा समजून घ्यायचा तर आधी आपल्याच सातारा जिल्ह्यातला कारखाना बघायला पाहिजे. कराडचं रेल्वे स्टेशन ज्या ठिकाणी आहे ती ओगलेवाडी. तिथे ओगले ग्लास वर्क्स हा कारखाना होता आणि त्यातून 'प्रभाकर' कंदील बाहेर पडायचा. घरातल्या आजी-आजोबांना नाव विचारून बघा, बहुतेकांना ते लगेच आठवेल.

व्हिडिओत कंपनीची गोष्ट थोडक्यात सांगितली होती. इथे जरा खोलात जाऊ. बीबीएला आम्हाला केस स्टडी म्हणून अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्या शिकवायच्या. ही केस त्यांच्यापेक्षा कमी नाही, आणि तिच्यातला सगळ्यात कामाचा भाग या कंपनीच्या बिलाच्या कागदावर होता. त्या एका ओळीवरून प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. पण ते कळायला आधी हा कारखाना कुठे होता ते कळलं पाहिजे.

औंधचा राजा आणि स्टेशनजवळचा माळ

आपल्या खटाव तालुक्यातलं औंध तुम्हाला यमाईमुळे आणि भवानी म्युझियममुळे माहीत असतं. १९४८ पर्यंत ते स्वतंत्र संस्थानाचं गाव होतं. संस्थान छोटं, एकूण ७२ गावं, आणि तीसुद्धा एका तुकड्यात नाहीत. औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल कृष्णाकाठच्या बाजूला आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. मध्ये सगळा ब्रिटिश मुलुख. आपलं वडूज ब्रिटिश हद्दीत होतं. ९ सप्टेंबर १९४२ ला इथल्या कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला, तो इंग्रजांच्या कचेरीवर. आणि इथून मोटारसायकलने तासाच्या आत पोचता येतं त्या औंधात राज्य होतं भवानराव पंतप्रतिनिधींचं, म्हणजे बाळासाहेबांचं. तिथे कायदा त्यांचा, कर त्यांचा.

बाळासाहेबांना लोक चित्रकार म्हणून आणि सूर्यनमस्कारांसाठी ओळखतात. धंद्यातल्या माणसाने त्यांची तिसरी ओळख लक्षात ठेवावी: कारखानदाराला जागा देणारा राजा. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि कर्ज दिलं. त्याची किर्लोस्करवाडी झाली. नंतर १९१६ मध्ये कराड स्टेशनजवळ, पुन्हा औंध संस्थानच्याच हद्दीत, ओगले बंधूंनी काचेचा कारखाना उभा केला. गुरुनाथ प्रभाकर ओगले आणि श्रीपाद प्रभाकर ओगले ही त्यांतली ठळक नावं. कंदिलाला 'प्रभाकर' नाव का, ते त्यांच्या नावांतच दिसतं: वडिलांचं नाव. शिवाय प्रभाकर म्हणजे सूर्य. दिव्याला याहून चांगलं नाव पैसे देऊनही सुचलं नसतं.

दोन्ही कारखाने रेल्वे स्टेशनला लागून आहेत, हे नीट बघा. काचेला भट्टी लागते, भट्टीला कोळसा लागतो, आणि तयार झालेला माल बैलगाडीत हादरे खात लांब नेला तर अर्धा वाटेतच फुटतो. भाड्यापेक्षा फूट महाग पडते. काचेच्या धंद्यात स्टेशन शेजारी असणं म्हणजे मार्जिन शेजारी असणं.

आणि वेळ बघा. १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं, जर्मनी आणि ऑस्ट्रियाहून येणारा काचमाल बंद पडला. बाजारात जागा मोकळी झाली. स्वदेशीची हवा आधीपासून होती. अंताजी दामोदर काळ्यांनी घरोघर एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला होता आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला होता. म्हणजे भावना तयार होती, गिऱ्हाईक तयार होतं, परदेशी स्पर्धक काही काळ बाहेर गेला होता आणि राजा जागा द्यायला तयार होता. असे चार योग एकत्र रोज येत नाहीत, पण आले तेव्हा ओगल्यांनी माळावर भट्टी पेटवली.

कंदिलात विकलं काय जायचं?

तरुण मंडळींसाठी सांगतो, हा आकाशकंदील नव्हे. हातात धरून शेतावर, गोठ्यात, परसात नेता येणारा रॉकेलचा कंदील. खाली तेलाची टाकी, वर बर्नर आणि वात, वात खालीवर करायला चाक, मध्ये काच, दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या नळ्या आणि वर धरायला कडी. त्या नळ्या शोभेला नसतात. हवा नळीतून खाली ज्योतीपाशी येते, त्यामुळे बाहेर वारा सुटला तरी ज्योत विझत नाही. ही रचना मूळची अमेरिकेतली, १८६० आणि १८७० च्या दशकांतली, आणि डिट्झ कंपनीने ती जगभर नेली. जर्मनीची फॉयरहँड त्याच पद्धतीचे कंदील करायची. ओगल्यांनी कंदिलाचा शोध लावला नाही. जो माल बोटीतून येत होता तो त्यांनी कराडला केला.

यातला सगळ्यात अवघड भाग काच. वाळू, सोडा, चुना वितळवून गोळा तयार करायचा, तो फुगवायचा, आणि मग हळूहळू थंड करायचा. घाईत थंड केला तर काचेत ताण राहतो, पहिल्याच संध्याकाळी ज्योतीच्या आचेने तडा जातो. नीट थंड केलेली काच आच सोसते. तरी गरम काचेवर पावसाचा थेंब पडला की काय होतं, ते ज्यांनी कंदील वापरलाय त्यांना माहीत आहे. राखेने आणि जुन्या वर्तमानपत्राने काच पुसताना हातातून सुटली की काय होतं, तेही.

म्हणजे कंदील एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो आणि काच मात्र फुटत राहते. आता दुकानदाराच्या नजरेने बघा. काचेचा कारखाना कंदील बनवतो, तेव्हा तो स्वतःच्या काचेला कायमचं गिऱ्हाईक तयार करतो. वात संपते, काच फुटते, गिऱ्हाईक पुन्हा दुकानाच्या पायरीवर. माझ्याकडे झुंबर घ्यायला आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो: यातली एक वाटी फुटली तर कुठून आणणार? ज्या कंपनीची सुटी वाटी मिळत नाही तो माल मी ठेवत नाही, कितीही मार्जिन दिलं तरी.

मग हा धंदा गेला कुठे? वीज आली. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळतं, आणि त्याच कोयनेवरची वीज १९६० च्या दशकात सुरू झाली. कारखान्यापासून फार लांब नाही. गावोगाव तारा पोचायला वेळ लागला, आणि नंतर लोडशेडिंगने कंदिलाला थोडं आयुष्य वाढवून दिलं, पण दिशा ठरली होती. आज तो कारखाना बंद आहे. गावाचं नाव तेवढं राहिलं.

इथेच इटली कामाला येते. साधारण आपली कोयना सुरू होत होती तेव्हा, १९६२ मध्ये, आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिलिओनी या मिलानच्या दोघा भावांनी फ्लॉस कंपनीसाठी 'आर्को' नावाचा दिवा काढला. खाली संगमरवराचा जड ठोकळा, त्यातून निघालेली स्टीलची लांब कमान आणि तिच्या टोकाला शेड. छताला भोक न पाडता जेवणाच्या टेबलावर बरोबर मध्ये उजेड पडतो. ठोकळ्याला एक आरपार भोक आहे, त्यात झाडूचा दांडा घालून दोन माणसांनी तो उचलायचा. तो दिवा अजून विकला जातो. त्याची नक्कल विकणाऱ्या एका कंपनीविरुद्ध फ्लॉसने खटला भरला, तो युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल २०११ मध्ये लागला. पन्नास वर्षांपूर्वीचं डिझाइन, पण त्याच्यासाठी भांडणं परवडतं, कारण लोक त्याचे पैसे उजेडासाठी देत नाहीत. उजेड तर साध्या एलईडी बल्बनेही पडतो. प्रभाकर कंदील उजेडासाठी घेतला जायचा, म्हणून स्वस्त आणि चांगला उजेड आला त्या दिवशी त्याची गरज संपली. मी याला ओगल्यांचा दोष म्हणत नाही. रॉकेलच्या जमान्यात गरिबाच्या घरात टिकाऊ, न विझणारा दिवा देणं हे आर्कोपेक्षा मोठं काम होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिल्लीहून आलेला चेक

आता मूळ मुद्दा. त्यासाठी पुन्हा मागे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जाऊ. सरकारला कंदील हवे होते. ओगले ग्लास वर्क्सला भारत सरकारकडून मालाच्या ऑर्डरी मिळाल्या. माल ओगलेवाडीत तयार झाला, बिलं दिल्लीला गेली, आणि तिथून चेक पोस्टाने ओगलेवाडीला आले. कंपनीने ते मुंबईच्या बँकेत भरले, वटले. सरळ व्यवहार.

मग आयकर खातं आलं. त्या वेळच्या कायद्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरच्या कंपनीचं जे उत्पन्न ब्रिटिश हिंदुस्थानात 'मिळालं' असेल, त्यावर कर लागायचा. ओगलेवाडी औंध संस्थानात, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बाहेर. कंपनीचं म्हणणं सोपं होतं: चेक आमच्या हातात ओगलेवाडीत पडला, म्हणजे पैसे औंधमध्ये मिळाले. खात्याचं म्हणणं होतं की पैसे तुम्हाला ब्रिटिश हद्दीतच मिळाले.

तुम्हीच न्यायाधीश आहात असं समजा. चेक दिल्लीत लिहिला गेला, पोस्टात पडला, रेल्वेने कराडला आला, पोस्टमनने दिला, मुंबईत वटला. पैसे 'मिळाले' कुठे? दिल्लीत, ओगलेवाडीत की मुंबईत? पुढे वाचण्याआधी उत्तर ठरवा.

मुंबई हायकोर्टात कंपनी जिंकली. आयकर आयुक्त सुप्रीम कोर्टात गेले. १९५४ मध्ये निकाल लागला आणि कंपनी हरली. का हरली, ते दोन पायऱ्यांत बघू.

पहिली पायरी चेकची. चेक म्हणजे नुसतं वचन की पैसे? कोर्टाने म्हटलं, चेक अटीवर दिलेलं पेमेंट आहे. तो वटला तर पेमेंट चेक मिळाला त्या वेळचंच धरायचं, वटला त्या दिवसाचं नाही. म्हणजे मुंबईची बँक प्रश्नातून बाहेर गेली. आता फक्त चेक कंपनीला कुठे 'मिळाला' हे ठरवायचं राहिलं.

दुसरी पायरी पोस्टाची, आणि इथेच ती ओळ येते. कंपनीने बिलाबरोबर सरकारला लिहिलं होतं की रक्कम आमच्या नावाने मुंबईच्या कोणत्याही बँकेवरच्या चेकने पाठवावी. किती साधी, नम्र विनंती! कुणीही लिहील. मुंबईचा चेक मिळाला तर वटवायला सोपा, एवढाच हेतू असणार. पण कोर्टाचा तर्क असा: दिल्लीतल्या माणसाला तुम्ही चेक 'पाठवा' म्हणता, तेव्हा व्यवहाराच्या रीतीप्रमाणे तो पोस्टानेच पाठवा असं म्हणता. तुमच्या सांगण्यावरून त्याने तो पोस्टात टाकला, म्हणजे पोस्ट तुमचं प्रतिनिधी झालं. तुमच्या माणसाच्या हातात चेक दिल्लीत पडला, म्हणजे तुम्हाला तो दिल्लीत मिळाला. तुम्ही विनंती केलीच नसती तर पोस्ट पाठवणाऱ्याचं प्रतिनिधी राहिलं असतं, आणि मग गोष्ट वेगळी होती.

संस्थानच्या हद्दीतली जागा, स्टेशनशेजारचा कारखाना, भट्टीतून निघालेली एकेक काच, सगळं जागच्या जागी होतं. पण त्या एका ओळीने मिळकतीची जागा ओगलेवाडीहून उचलून दिल्लीला नेली.

पाच वर्षांनी, १९५९ मध्ये, बडोद्याच्या जगदीश मिल्सच्या प्रकरणात सुप्रीम कोर्ट आणखी पुढे गेलं. तिथे अशी स्पष्ट विनंतीही नव्हती. सरकार चेकने पैसे देणार अशी अट होती आणि चेक पोस्टाने येत होते, त्यावरून विनंती गृहीत धरली गेली. सीएचा अभ्यास करणारं कुणी तुमच्या घरात असेल तर 'ओगले ग्लास वर्क्स' म्हणून बघा. कंदील त्यांनी कधी पाहिला नसेल, पण ही केस त्यांना माहीत असण्याची शक्यता बरीच आहे. कंदील विझून इतकी वर्षं झाली तरी बिलावरची ओळ अजून वाचली जाते.

आता तुमचं बिल

नेमका हा प्रश्न आज तुम्हाला पडणार नाही. वडूज, औंध आणि दिल्ली आता एकाच आयकर कायद्याखाली आहेत, आणि पैसे यूपीआयने येतात. पण 'कुठे' हा प्रश्न तुमच्या बिलावर अजून तीन ठिकाणी बसलेला आहे.

पहिलं, माल कुठे पोच. मालविक्री कायद्यानुसार, वेगळं ठरलं नसेल तर ज्याची मालकी त्याची जोखीम, आणि ट्रान्सपोर्टवाल्याच्या ताब्यात माल दिला म्हणजे साधारणपणे गिऱ्हाईकाला दिला असं धरलं जातं. पण 'साइटवर पोच' असं तुम्ही लिहून दिलं की वाटेत फुटलेली प्रत्येक काच तुमच्या अंगावर येऊ शकते. मागे एका ठेकेदाराने माझ्याकडून काचेचे गेट लॅम्प नेले आणि आठ फुटलेले परत आणून टाकले. ऑर्डरच्या कागदावर 'दुकानातून ताबा, वाहतूक व फूट खरेदीदाराची' असं लिहिलं होतं आणि खाली त्याची सही होती. बोलणं पाच मिनिटांत संपलं. शिकायला येणाऱ्यांना मी सांगतो, काच विकणाऱ्याने हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहावं.

दुसरं, न्यायक्षेत्र. बिलाच्या तळाशी 'न्यायक्षेत्र वडूज' छापायची पद्धत आहे. नुसतं छापलं म्हणून कोर्ट प्रत्येक वेळी ते मान्य करतंच असं नाही. ज्या गावाचा व्यवहाराशी काही संबंधच नाही त्याचं नाव टाकून तर उपयोगच नाही. व्यवहार खरोखर वडूजमध्ये झाला असेल आणि समोरच्याने ऑर्डरवर सही करून ती अट मान्य केली असेल, तर तिला वजन येतं. बाहेरगावच्या पार्टीला उधारीवर माल देणाऱ्यांनी हे फार मनावर घ्यावं. पाच हजारांच्या वसुलीसाठी कोल्हापूरला तारखा करणं कुणाला परवडत नाही.

तिसरं, जीएसटीतलं पुरवठ्याचं ठिकाण. माल जिथे जाऊन पोच होतो ते ठिकाण साधारणपणे धरलं जातं. म्हणून विजापूरला पाठवलेल्या मालावर आयजीएसटी आणि विट्याला पाठवलेल्यावर सीजीएसटी-एसजीएसटी. बिल एकाच्या नावे आणि माल दुसऱ्याच्या पत्त्यावर असेल तर तुमच्या कर सल्लागाराला आधी विचारा, बिल फाडल्यावर नाही.

आणि ज्यांचं स्वतःचं उत्पादन आहे, उद्यम नोंदणी आहे, त्यांच्यासाठी एक जास्तीची गोष्ट. लेखी करार नसेल तर मोठ्या खरेदीदाराने तुमचे पैसे १५ दिवसांत द्यायचे असतात. लेखी मुदत ठरली असेल तर ती जास्तीत जास्त ४५ दिवस. म्हणजे सवयीने बिलावर '४५ दिवस' छापणारा कारखानदार स्वतःच्या हाताने गिऱ्हाईकाला एक महिना देऊन टाकतो. (नुसता व्यापार करणाऱ्यांना ही तरतूद लागू होत नाही, आपण दुकानदार त्यात येत नाही.)

या आठवड्याचा गृहपाठ. बिलबुक काढा आणि त्यावर छापलेली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने लिहा: ही मी लिहायला सांगितली, की छापखानेवाल्याने जुन्या कुणाच्या बिलावरून उतरवली? ज्या ओळीचा अर्थ तुम्हाला सांगता येत नाही तिच्याखाली रेघ मारा, आणि ते पान घेऊन तुमच्या सीएकडे जा.